सुतार पक्षी फुलात चोच का घालतो? अंगणातल्या पाखरांच्या खाण्याच्या न्याऱ्या तऱ्हा

माघ सरत आला की आदिलाबादच्या रस्त्यांवर काटेसावर लाल होते. तिच्या मागोमाग पळस पेटतो. बेला, जैनथ, तामसीकडची कपाशीची रानं तोवर मोकळी झालेली असतात, झाडांची पानं झडलेली असतात आणि दूरवरूनही फांदीवरचं पाखरू नजरेस पडतं. याच दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘सुतार पक्षी सावरीच्या फुलात चोच घालून बसला होता. हा तर लाकूड पोखरणारा, याला फुलात काय सापडलं?’

कुणी म्हणतं, पाखरू आजारी असेल. कुणी म्हणतं, यंदाचा उन्हाळा कडक जाणार. घरात कुणी जुनं माणूस असेल तर शकुन-अपशकुनाचीही गोष्ट निघते. खरं कारण साधं आहे. सुतार फुलातला रस पीत असतो. भर कोरड्या दिवसांत पाणी आणि साखर एकाच वाटीत मिळत असेल तर ती कोण सोडेल?

अंगणातल्या पाखरांबद्दल आपल्या डोक्यात ठरलेली चित्रं असतात. सुतार लाकूड खातो, चिमणी दाणे खाते, खंड्या मासे खातो, कावळा काहीही खातो. यातलं कावळ्याचं सोडलं तर बाकीचं अर्धवटच खरं आहे. पाखराचं ताट ऋतूप्रमाणे बदलतं, पिल्लं झाली की बदलतं आणि आसपासच्या शेतात काय उरलंय त्यावरही बदलतं. म्हणूनच एखादं पाखरू ‘भलतंच’ खाताना दिसलं तर घाबरण्याऐवजी आजूबाजूला बघायला हवं. कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

आधी सुतार ओळखू या

मराठीत सुतार, तेलुगूत वड्रंगी पिट्ट. वड्रंगी म्हणजे सुतार आणि पिट्ट म्हणजे पाखरू. दोन्ही भाषांनी त्याला नाव धंद्यावरूनच दिलं.

आपल्याकडं घराजवळ सर्रास दिसतो तो सोनपाठी सुतार. आकारानं साळुंकीपेक्षा थोडा मोठा, पाठ सोनेरी पिवळी, शेपटीच्या मुळाशी काळा, गळा काळा-पांढरा आणि डोक्यावर लालभडक तुरा. मादीच्या कपाळाचा भाग काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात, लाल रंग मागच्या तुऱ्यापुरताच. उडताना वर-खाली हेलकावे घेतो आणि जोरात खिदळल्यासारखा ओरडतो. आंबा, चिंच, कडुलिंब, ताड, जे जुनं झाड असेल तिथं तो येतो.

दुसरा मराठा सुतार. हा बुलबुलापेक्षा थोडाच लहान असतो. अंगावर गडद तपकिरी आणि पांढरे ठिपके, डोक्याचा वरचा भाग पिवळसर, पोटावर लाल डाग. १८०१ मध्ये जॉन लॅथम या इंग्रज अभ्यासकानं त्याचं शास्त्रीय नाव ठेवताना मराठ्यांच्या मुलखाचं नाव दिलं, ते आजही चालू आहे. बाभूळ, बोर असल्या काटेरी झाडांच्या माळरानात हा हमखास असतो. तिसरा तपकिरी डोक्याचा छोटा सुतार. जेमतेम चिमणीएवढा. बारीक फांद्यांवर फिरतो, त्यामुळे पटकन ध्यानात येत नाही.

दोन पाखरांची मात्र सुताराशी कायम गल्लत होते. एक हुदहुद. डोक्यावर पंख्यासारखा तुरा आणि लांब, बाकदार चोच असल्यामुळे अनेक जण त्यालाच सुतार म्हणतात. पण हुदहुद जमिनीवर चालत माती टोकरतो, लाकूड फोडत नाही. दुसरा तांबट. उन्हाळ्यात ‘टुक टुक टुक’ असा तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा जो आवाज येतो तो चोचीचा नसून त्याच्या गळ्याचा असतो. तांबट फांदीत भोक पाडून घरटं करतो खरा, पण त्याचं मुख्य खाणं म्हणजे वड, पिंपळ, उंबराची फळं.

आपल्या भागातल्या पाखरांची पद्धतशीर नोंद तशी जुनी आहे. आदिलाबाद निजामाच्या राज्यात होतं तेव्हा, १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. पाखरांची मराठी नावं हवी असतील त्यांनी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ जरूर चाळावा.

चोच छिन्नी, जीभ गळ

सुतार लाकूड खात नाही, ही पहिली गोष्ट. तो लाकडाच्या आतलं खातो. साल ठोकून बघतो, पोकळ वाटलं की तिथं छिद्र पाडतो आणि आतली भुंगेऱ्यांची अळी, मुंग्या, वाळवी बाहेर काढतो.

या कामासाठी त्याचं अख्खं शरीर बनलेलं आहे. पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं, त्यामुळे उभ्या खोडावर पकड बसते. शेपटीची पिसं ताठ, ती खोडाला टेकवली की तिसरा पाय झाल्यासारखा आधार मिळतो. जीभ लांब, चिकट आणि टोकाला बारीक काटे असलेली. जिभेला आधार देणारी हाडं आणि स्नायू कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावरून पुढं आलेले असतात. म्हणूनच जीभ चोचीबाहेर इतकी लांब काढता येते.

इतकं ठोकून त्याचं डोकं कसं दुखत नाही, हा पोरांचा आवडता प्रश्न. बरीच वर्षं पुस्तकांत लिहिलेलं असायचं की त्याच्या कवटीत धक्का शोषून घेणारी गादी असते. २०२२ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी ठोकणाऱ्या सुतारांची अतिशय वेगवान चित्रफीत काढून मोजमाप केलं, तेव्हा वेगळंच निघालं. कवटी गादीसारखी नव्हे, तर ताठ हातोड्यासारखी काम करते. धक्का मध्येच शोषला गेला असता तर लाकूड फोडायला जोर उरला नसता. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे.

ठोकण्याचे प्रकारही तीन आहेत, ते वेगळे ओळखता यायला हवेत. थांबून थांबून, जागा बदलत टकटक करतो तेव्हा तो खाणं शोधतो. एकाच ठिकाणी दिवसचे दिवस खणतो तेव्हा घरट्याची ढोली करतो. आणि एखाद्या वाळक्या फांदीवर किंवा पत्र्यावर एकदम झपाट्यानं ‘तर्रर्र’ वाजवतो तेव्हा तो आपली हद्द जाहीर करत असतो. पत्रा वाजवणारा सुतार वेडा झालेला नसतो. आवाज लांब जातो, एवढंच त्याला हवं असतं.

सुताराच्या ताटात आणखी काय?

सोनपाठी सुतार झाडाच्या शेंड्यापासून जमिनीपर्यंत सगळीकडं चरतो. वारुळावर उतरून वाळवी टिपताना तो दिसला तर नवल नाही. फुलांचा रस तो पितो, गळून पडलेली फळं चाखतो आणि माणसांच्या वस्तीला सरावला की फेकलेलं उष्टं अन्नही उचलतो. नहाणीजवळ सांडलेल्या भातावर सुतार दिसला, असं कुणी सांगितलं तर त्याला खोट्यात काढू नका.

सगळ्यात चक्रावणारा आहे तांबूस सुतार. हा दाट झाडीतला पक्षी, अंगणात सहसा येत नाही. पण त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. काही काळ्या मुंग्या झाडावर चघळलेल्या लगद्याचं, फुटबॉलसारखं गोल घर बांधतात. तांबूस सुतार मुंग्या खातो आणि अंडी घालायची वेळ आली की मुंग्यांच्या त्याच घरात भोक पाडून आपलं घरटं करतो. ज्यांना खातो त्यांच्याच घरात पिल्लं वाढवतो. हाच सुतार केळीच्या पानांच्या देठाशी चोच मारून पाझरणारा रस पितानाही पाहिला गेला आहे, आणि उंबर-पिंपळाच्या जातीची फळंही खातो.

शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : सुतार झाड मारतो का? आपल्याकडचे सुतार धडधाकट झाड पोखरून मारत नाहीत. ज्या फांदीत भोकं दिसतात ती बहुतेक वेळा आधीच किडलेली असते. सुतार तिथं येतो तो किडीमागं. घरटंही तो मऊ पडलेल्या, वाळलेल्या लाकडातच खणतो, कारण ओल्या कडक लाकडात मेहनत फार. तेव्हा आंब्याच्या एकाच फांदीवर सुतार रोज येत असेल तर सुताराला हाकलू नका, फांदी तपासा. आत खोडकिडा असण्याची शक्यता मोठी.

पळस, सावर, पांगारा : उन्हाळ्यातली पाणपोई

आता फुलांकडं वळू. काटेसावर, पळस, पांगारा ही तिन्ही झाडं पानं झडल्यावर फुलतात. तिन्हींची फुलं मोठी, लाल किंवा केशरी, आणि रसानं भरलेली. तेलुगूत सावरीला बूरुगु आणि पळसाला मोदुगु म्हणतात. ओढे आटू लागतात, किडे कमी होतात, गवत वाळतं, नेमकी तेव्हा ही फुलं उघडतात. म्हणून एकाच सावरीवर सकाळच्या तासाभरात साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, टकाचोर, कावळे, पोपट, शिंजीर आणि सुतार अशी सगळी जत्रा भरते.

यात झाडाचाही फायदा असतो. रस पिताना पाखराच्या कपाळाला आणि गळ्याला पिवळे पराग लागतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात. पोपट मात्र बरेचदा फूलच तोडून टाकतो. पळसाखाली सकाळी फुलांचा सडा पडलेला असतो, त्यात बराच हात त्याचा आणि खारीचा असतो.

मग मार्च-एप्रिलात मोह. गोंड आणि कोलाम वाड्यांवर पहाटे मोहफुलं वेचायला माणसं निघतात, त्याच्या आधीपासून झाडावर पाखरांची वर्दळ असते. गोड, रसाळ मोहफुलावर बुलबुल, पोपट, साळुंक्या सगळेच ताव मारतात.

या फुलांशी नावानं जोडलेला एक पाहुणाही आहे. पळसमैना, म्हणजेच भोरडी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ही मध्य आशियाकडून हिवाळ्यात थव्यांनी येते. तिकडं ती टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्लं वाढवते. इकडं आली की ज्वारीच्या कणसांवर तुटून पडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस-सावरीच्या रसावर जगून परत जाते. ज्वारीवाल्यांचा तिच्यावर राग असणं साहजिक आहे. पण तेच पाखरू त्याच वर्षात तीन वेगळी ताटं जेवतं, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

अंगणातले बाकीचे जेवणारे

चिमणी. मोठी चिमणी दाणे खाते, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला पहिले काही दिवस अळ्या, किडे असं मऊ खाणं लागतं. चिमणी खडे आणि वाळूचे कणही गिळते. तिला दात नाहीत, पोटातल्या पेशीत दाणा दळायला ते कण जात्याचं काम करतात. कोंबडीचंही तेच.

होला आणि पारवा. हे पिल्लांना किडेसुद्धा देत नाहीत. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याजवळच्या पिशवीत दह्यासारखा पदार्थ तयार होतो, तोच पिल्लांना भरवतात. पाणी पितानाही यांची तऱ्हा वेगळी. बाकीची पाखरं घोट घेऊन मान वर करतात, होला चोच बुडवून म्हशीसारखं सलग ओढतो.

खाटीक. चिमणीपेक्षा थोडा मोठा, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेला. नाकतोडा, सरडा, उंदराचं पिल्लू पकडून बाभळीच्या काट्याला किंवा काटेरी तारेला टोचून ठेवतो. कुंपणावर टांगलेला सरडा दिसला तर ती करणी नव्हे, खाटकाचं दुकान आहे. त्याचे पाय ससाण्यासारखे ताकदवान नाहीत, त्यामुळे शिकार फाडायला असा खिळा लागतो.

कोतवाल. म्हशीच्या पाठीवर बसून फिरतो, ट्रॅक्टरमागं जातो आणि पऱ्हाटी पेटवली की धुराजवळ येतो. जनावराच्या पायांमुळे, नांगरामुळे किंवा आगीमुळे उडालेले किडे त्याला आयते मिळतात. साळुंकीनं पकडलेला किडा हिसकावण्यातही तो पटाईत. आफ्रिकेतल्या त्याच्या एका भावंडाबद्दल २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तो दुसऱ्या प्राण्यांची ‘धोका आहे’ ही हाक हुबेहूब काढतो. ते घाबरून पळाले की त्यांचं खाणं उचलतो.

वेडा राघू. मधमाशी पकडून आणतो आणि तारेवर घासून, आपटून तिचा काटा आणि विष काढून टाकतो. मगच गिळतो. वेडा म्हणतात, पण खाण्यात एवढा शहाणा कुणी नाही.

शिंजीर. लांब नळीच्या फुलात चोच पोचत नसेल तर फुलाच्या बुडाशी भोक पाडून रस चोरतो. पराग लागत नाहीत, म्हणजे झाडाच्या दृष्टीनं ही फुकटची मेजवानी. पिल्लांना मात्र रस नाही, कोळी आणि बारीक किडे भरवतो.

खंड्या. आपल्या अंगणात येणारा, पांढऱ्या गळ्याचा खंड्या पाण्यापासून लांब मजेत राहतो. नाकतोडे, सरडे, बेडूक हे त्याचं रोजचं जेवण. मासा मिळाला तर ठीक.

भारद्वाज. दिसणं शुभ मानतात, पण बाकीच्या पाखरांना तो शुभ वाटत नसणार. गोगलगाय, सरडा, लहान साप यांच्याबरोबर घरट्यातली अंडी आणि पिल्लंही तो खातो. टकाचोराचीही तीच खोड.

कावळा. वाळली पोळी पाण्यात बुडवून मऊ करून खाणारा कावळा अनेकांनी पाहिला असेल. पिंडाला कावळा शिवायची वाट बघणारी माणसंही आपण पाहतो. श्रद्धेची गोष्ट आपल्या जागी, पण कावळा नव्या वस्तूला आणि गर्दीला फार बिचकतो हेही खरं. माणसं चार पावलं मागं सरली की तो लवकर येतो.

आणि नीळकंठ. तेलंगणाचा राज्यपक्षी पालपिट्ट तो हाच. दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायची इकडं रीत आहे. तारेवर बसून खालच्या शेतातले किडे, नाकतोडे टिपणं हा त्याचा धंदा. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल लागतो, तो पक्का फळं खाणारा, वड-पिंपळाचा सोबती. एकाला किडे असलेलं शेत लागतं, दुसऱ्याला फळ देणारं जुनं झाड. नदी मध्ये असली तरी पाखरांना दोन्हीकडचं दोन्ही हवं असतं.

एकानं केलं, दुसऱ्यानं पाहिलं

पाखरं खाण्याच्या नव्या युक्त्या शिकतात आणि त्या पसरतात, याचे दाखले जगभर आहेत. इंग्लंडमध्ये दूधवाला दारात बाटल्या ठेवून जायचा. १९२१ साली साउथॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात रामगंगेच्या कुळातल्या छोट्या पाखरांनी बाटलीचं झाकण टोकरून वरची साय खाल्ल्याची नोंद झाली. पुढच्या काही दशकांत ही सवय इंग्लंडभर दिसू लागली.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातले पांढरे काकाकुवे चोचीनं कचऱ्याच्या डब्याचं जड झाकण उघडायला शिकले. २०१८ च्या आधी अशी तक्रार ३ उपनगरांतून होती, २०१९ संपेपर्यंत ती ४४ उपनगरांत पोचली. कॅलिफोर्नियातला एक सुतार तर कोठारच बांधतो. एका झाडाच्या सालीत हजारो भोकं पाडून प्रत्येकात ओकचं एकेक फळ ठोकून बसवतो आणि हिवाळाभर अख्खं कुटुंब त्यावर जगतं. पिढ्यान् पिढ्या तेच झाड वापरतात.

मतलब, आपल्या अंगणातला सुतार भातावर आला तर त्यात विपरीत काही नाही. एकानं चाखलं, जोडीदारानं पाहिलं, उद्या दोघं येतील.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे

पाखरू नवीन काही खातं याची काळजी नको. ते जे खातं त्यात काय मिसळलंय, याची हवी.

आपला पट्टा कापसाचा. पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला आडवं करतं ते मूठभर वजनाच्या पाखराचं काय करत असेल? फवारलेल्या शेतातली अर्धमेली अळी पकडायला सगळ्यात सोपी असते. चिमणी, साळुंकी, कोतवाल तीच उचलतात आणि पिल्लांना भरवतात. औषध लावलेलं रंगीत बियाणं तासाच्या टोकाला सांडलेलं असेल तर होले आणि तितर ते टिपतात.

खाण्यातून विष कसं जातं याचा धडा आपल्या भागानं पाहिलेला आहे. जनावरांना दुखण्यावर द्यायचं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसात उरायचं आणि ते खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. हे कारण २००४ मध्ये उघड झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, आता कोमरम भीम आसिफाबादमध्ये असलेल्या बेज्जूरच्या जंगलात पालरापु कड्यावर २०१३ मध्ये लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली, तेव्हा त्याची एवढी बातमी झाली ती त्यामुळेच.

म्हणून पाखरू ‘वेगळं वागतंय’ आणि पाखरू ‘आजारी आहे’ यातला फरक कळायला हवा. फुलावर बसलेला, खरकटं उचलणारा, पत्रा वाजवणारा, जमिनीवर उतरलेला सुतार ठणठणीत असतो. जवळ गेलं की उडतो. आजारी पाखरू पिसं फुगवून, मान टाकून बसतं. जवळ गेलं तरी उडत नाही, तोल जातो, थरथरतं. एकाच ठिकाणी तीन-चार पाखरं मेलेली दिसली तर उघड्या हातानं उचलू नका, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वन खात्याला कळवा.

घरी काय करता येईल?

पाणी आधी, दाणे नंतर. उन्हाळ्यात मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मधे एक दगड ठेवला तर लहान पाखराला उभं राहता येतं. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. घाणेरड्या भांड्यातून पाखरांचे आजार पसरतात.

ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालते. मीठ-मसाल्याचं, तळलेलं, बुरशी आलेलं नको. दूध अजिबात नको, पाखरांना ते पचत नाही. दाणे थोडेच टाका, उरलेले संध्याकाळी झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतील. मांजर दबा धरेल अशा झुडपाजवळ ताट मांडू नका.

नुसत्या दाण्यांनी चिमण्या वाढत नाहीत, हे वर आलंच आहे. चिमणी दिवस दरवर्षी २० मार्चला असतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानं तो २०१० पासून पाळला जातो. त्या दिवशी दाण्याची वाटी टांगणं चांगलंच. पण परसातल्या भाजीच्या एका वाफ्यावर औषध न मारणं, मेंदी-जास्वंदीचं कुंपण राखणं याचा पिल्लांना जास्त उपयोग होतो, कारण किडे तिथं मिळतात.

शेतात फवारणी करायचीच असेल तर कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलेलं प्रमाण पाळा. सांडलेलं बियाणं मातीआड करा, औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नका.

पिंजऱ्याचं एक सांगायचं राहिलं. रानातला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जखमी पाखरू मिळालं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन खात्याकडं द्या. बळेच पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं.

वाळक्या झाडाचा हिशेब

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि बिनखर्चाची. सुतार साधारण फेब्रुवारी ते जुलै या काळात वाळक्या खोडात ढोली करून पिल्लं वाढवतो. जुनी झालेली ढोली मग बाकीच्यांची होते. साळुंकी, पोपट, दयाळ, पिंगळा या कुणालाच स्वतः लाकूड फोडता येत नाही, ते सुतारानं केलेल्या किंवा आपोआप पडलेल्या पोकळीवरच अवलंबून असतात. त्यातला पिंगळा रात्री शेतातले उंदीर आणि मोठे भुंगेरे खातो. दयाळ आणि साळुंकी दिवसभर अळ्या वेचतात. म्हणजे बांधावरचं एक वाळकं झाड शेताला चार राखणदार देतं.

आपण मात्र ते झाड ‘मेलं’ म्हणून आधी तोडतो. सरपणाला लागतं, बांध स्वच्छ दिसतो, ट्रॅक्टर वळवायला सोपं जातं, सगळं खरं. पण मग ढोली विजेच्या खांबात होत नाही आणि पिंगळा शेतात राहत नाही. घराच्या किंवा रस्त्याच्या अंगावर पडेल असं झाड काढावंच लागतं. बांधाच्या कोपऱ्यातलं, कुणाला त्रास नसलेलं एखादं ठेवायला हरकत नसावी.

यंदा पऱ्हाटी काढून झाल्यावर सरपणासाठी बांधावर जाल तेव्हा वाळक्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी एकदा वर बघा. बुंध्यावर किंवा जाड फांदीवर मुठीएवढं गोल भोक आहे का, त्यात पाखरू ये-जा करतं का, तेवढं पाच मिनिटं थांबून पाहा. पाखरू दिसलं तर पावसाळा सरेपर्यंत झाड राहू द्या. सरपण त्यानंतरही मिळेल.